सोसतंय कोण?

आमच्या केडगावात मेथीची जुडी घेतली की भाजीवाली वर चार काड्या कोथिंबीर टाकते. बाकीची माणसं पिशवी पुढं करतात आणि चालायला लागतात. याकोब भिंगारदिवे मात्र पिशवी मागं घ्यायचे, कोथिंबिरीकडं नीट बघायचे आणि विचारायचे, "यात सोसतंय कोण?"

भाजीवाली पहिल्यांदा घाबरली होती. तिला वाटलं, हा कुणीतरी तपासणीचा माणूस दिसतोय. पुढं सवय झाल्यावर ती न चिडता सांगायची की मेथीतच लावलंय बाबा, घे आता. तेवढं कबूल करून घेतलं की याकोबभाऊंचा जीव शांत व्हायचा. कोथिंबीर फुकट नाही हे कळल्याशिवाय ती त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

हा प्रश्न ते कुठंही विचारत. निवडणुकीच्या आधी वॉर्डात साड्या वाटायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी तो विचारला होता. मोबाइलच्या दुकानात फुकट सिमकार्ड देणाऱ्या पोरीला विचारला होता. एकदा एका लग्नात वाढप्यानं आग्रहानं तिसरी जिलबी ताटात टाकली, तेव्हा यांनी मान वर करून तोच प्रश्न केला आणि वाढपी जिलब्यांचं तबक घेऊन सरळ आचाऱ्याकडं गेला. त्याला ते भांडण वाटलं. खरं तर याकोबभाऊंना आयुष्यात कुणाशी भांडताच आलं नाही. त्यांना फक्त जाणून घ्यायचं असायचं की कमी पडलेले पैसे कुणाच्या खिशातून गेले आणि तो माणूस ते पुढं कुणाकडून काढणार आहे.

आमचे गाळे शेजारी शेजारी. माझ्या पाटीवर ब्युटी पार्लर, त्यांच्या पाटीवर गेम पार्लर. दोन्हीकडं 'पार्लर' हा शब्द मोठा आणि पुढचा लहान रंगवलेला, कारण पेंटर एकच. त्यामुळं गोंधळ व्हायचे. एकदा एक नवरदेवाची आई फेशियल करायला म्हणून त्यांच्याकडं शिरली, खुर्चीत डोळे मिटून बसली आणि डोळे उघडले तर समोर टीव्हीवर कोणीतरी कोणाचं तरी डोकं उडवत होतं. तिला माझ्याकडं पोचवायला याकोबभाऊ स्वतः आले. "ताई, ही तुमची. मी हात लावलेला न्हाई," असं म्हणून गेले.

मूळचे ते एमआयडीसीतल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला होते. बादल्यांची झाकणं तयार करायच्या मशीनवर. कारखाना बंद पडला आणि हातात जे काही आलं त्यातून त्यांनी हा गाळा घेतला. गेमचं वेड त्यांना स्वतःला मुळीच नव्हतं. त्यांना वेड लागलं ते गेमच्या यंत्राच्या किमतीचं. टीव्हीला जोडून ज्यावर गेम खेळतात त्या यंत्राला ते खोकं म्हणत. पहिलं खोकं घरी आणलं त्या दिवशी त्यांनी ते उघडून पाहिलं. झाकणं बनवण्यात हयात गेलेला माणूस, त्याला प्लास्टिकची किंमत कळते. आतला पंखा, सर्किटची पाटी, तारा, सगळं बघून त्यांच्या लक्षात आलं की हे एवढ्या भावात परवडूच शकत नाही. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. इंग्रजी अडायचं तिथं बायकोला, मार्थावहिनींना, विचारायचे. त्या बालवाडीत शिकवत, पण इंग्रजी चांगलं होतं.

त्यांना जे सापडलं ते असं. कंपनी खोकं विकताना पदरचं घालते. ते घरात शिरलं की मग त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गेममागं आपला वाटा घेते. ऑनलाइन खेळायचं असेल तर महिन्याची वर्गणी वेगळी. खोकं हा नुसता दरवाजा, पैसे आत गेल्यावर. आणि अशा कंपन्या तीन. एकीनं भाव उतरवला की दुसरीला उतरवावा लागतो, मग दोघी मिळून तोटा सोसत बसतात आणि गिऱ्हाईक कधी अडकतंय याची वाट बघतात.

तिन्ही कंपन्यांची नावं जिभेवर बसत नाहीत म्हणून त्यांनी नाती लावली होती. सगळ्यांत जुनी जपानी कंपनी म्हणजे सासूबाई. ती जुन्या स्वस्त भागांतून यंत्र जुळवायची आणि सहसा तोट्यात विकायची नाही. दुसरी, तीही जपानचीच, ती थोरली जाऊ. आणि अमेरिकेची ती धाकटी जाऊ, सगळ्यांत शेवटी घरात आलेली, पण माहेरचं बक्कळ. दुसऱ्या धंद्यात एवढं कमावलेलं की इथं कितीही तोटा झाला तरी तिला वर्षानुवर्षं सोसता येत होतं.

आमच्या दोन गाळ्यांमधलं पार्टिशन प्लायचं. माझ्याकडं तोंडाला पॅक लावून पडलेल्या बायांना पलीकडचं सगळं ऐकू यायचं. थोरलीनं भाव जाहीर केला, धाकटीनं मुद्दाम त्याच्याहून कमी केला, सासूबाई बघत बसल्या. एका बाईला पॅक वाळल्यावर पुसून उठायला सांगितलं तर ती म्हणाली, थांबा जरा, धाकटीचं काय होतंय ते कळू द्या. आणि जाताना मला हळूच विचारून गेली की भिंगारदिव्यांच्यात एवढं चाललंय तर मार्थाबाई कुठं दिसत कशा नाहीत.

मला त्यांच्याकडून फायदाही झाला. समोर दुसरं पार्लर निघालं आणि माझी गिऱ्हाइकं तिकडं जायला लागली, तेव्हा याकोबभाऊंनी सल्ला दिला की थ्रेडिंगमध्ये सोसा, फेशियलमध्ये काढा. भुवयांना बाई पंधरा दिवसांनी येते. एकदा खुर्चीत बसली की तिला आरशात बाकीचं सगळं दिसतंच. मी तसं केलं. सहा महिन्यांत समोरचं पार्लर उठलं. मी पेढे घेऊन गेले तर त्यांनी पेढा हातात धरला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, समोरची. त्यावर ते हसले नाहीत. पेढा त्यांनी कागदात बांधून वहिनींसाठी ठेवला.

त्यांचा स्वतःचा खरा धंदा तासाच्या खेळाचा नव्हता, जुन्या डिस्कचा होता. एकानं गेम संपवला की डिस्क त्यांना विकायची, ती दुसऱ्यानं घ्यायची, मग तिसऱ्यानं. पोलीस लाइनमधले दोन हवालदार, बाजार समितीतला एक मापाडी, इंजिनिअरिंगची पोरं, सगळे डिस्क बदलायला त्यांच्याकडं यायचे. या जुन्या डिस्कवर कंपनीला दमडी मिळत नाही, याचा त्यांना फार आनंद होता. दिवसभर डिस्क फडक्यानं पुसताना ते म्हणायचे की या काउंटरवर मी तिन्ही बायांना चुना लावतो.

मग बाजारात बिनतोंडाचं खोकं आलं. म्हणजे त्यात डिस्क घालायची फटच नाही. गेम घ्यायचा तो कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून, कंपनी सांगेल त्या भावात, आणि तो पुढं कुणाला विकताही येत नाही. हे खोकं नेहमीच्या खोक्याहून स्वस्त. गिऱ्हाइकं खूश. मापाडी ते घेऊन कौतुकानं दाखवायला आला. याकोबभाऊंनी ते दोन्ही हातांत फिरवून बघितलं, फट असायची त्या जागेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तोंड शिवलं म्हणून स्वस्त हाय हे. आता यात मी सोसतोय."

मापाडी ओशाळला. त्यानंतर डिस्क घेऊन येणारी माणसं हळूहळू कमी झाली.

त्याच सुमारास मार्थावहिनींच्या पायांवर सूज दिसायला लागली. आधी वाटलं उभं राहून राहून असेल. मग चेहरा सुजला, जेवण जाईना, आणि तपासणीत निघालं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडलीत. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं, नाहीतर कुणीतरी मूत्रपिंड द्यायचं. याकोबभाऊ त्याच दिवशी डॉक्टरांना म्हणाले, माझं घ्या. मूलबाळ नव्हतं, वहिनींचा भाऊ कधीच वारलेला. दुसरं कोणी नव्हतंच.

त्यांचं घेता येणार नाही हे कळलं तेही एका फुकटच्या वस्तूमुळं. चर्चच्या आवारात आरोग्य शिबिर होतं. तिथं त्यांना साखर मोजायचं छोटं यंत्र फुकट मिळालं. प्रश्न न विचारता त्यांनी घेतलेली ही बहुधा पहिली वस्तू, कारण डोकं ठिकाणावर नव्हतं. घरी बोट टोचून पाहिलं तर साखर भलतीच वाढलेली. डॉक्टरांनी पुन्हा तपासून सांगितलं की एवढ्या साखरेच्या माणसाचं मूत्रपिंड घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी ते माझ्या गाळ्यात आले. खुर्च्या रिकाम्या होत्या. ते यंत्र त्यांनी माझ्या क्रीमच्या डब्यांशेजारी ठेवलं आणि सांगितलं की यंत्र फुकट आहे, पण त्यात घालायच्या पट्ट्या महाग आहेत, आणि त्या याच कंपनीच्या लागतात. एवढं सांगून ते माझ्याकडं बघत राहिले, जसं काही मी यावर हसायला हवं होतं.

वहिनी माझ्याकडं कधी आल्या नव्हत्या. भुवयासुद्धा कधी केल्या नाहीत त्यांनी. पहिल्या डायलिसिसच्या आदल्या दिवशी याकोबभाऊ त्यांना घेऊन आले. मानेत नळी बसवणार, मग केस धुता येणार नाहीत, म्हणून ते कापायचे होते. कमरेपर्यंत केस होते. मी कात्री हातात घेऊन उभी राहिले तेव्हा वहिनीच म्हणाल्या की घाबरू नका, मला उन्हाळ्यात नाहीतरी जड व्हायचे. याकोबभाऊ दारात पाठ करून उभे. झाल्यावर त्यांनी पाकीट काढलं. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "ताई, सोसू नका. ज्यानं सोसलं त्यानं नंतर वसूल केलं, हा नियम हाय." आणि पैसे ठेवूनच गेले.

डायलिसिस शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, सरकारी योजनेत फुकट होतं. तिथं पहिल्याच दिवशी त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं. तो बिचारा सरळ माणूस, त्यानं सांगून टाकलं की मशीन कंपनीनं तसंच ठेवायला दिलंय, नळ्या आणि फिल्टर मात्र त्यांच्याचकडून घ्यायचे. याकोबभाऊंना कळायला वेळ लागला नाही. पुढं बरेच दिवस पार्टिशनच्या पलीकडून थोरली, धाकटी, सासू काहीच ऐकू आलं नाही. माझ्या बायका विचारायच्या, मिटलं का त्यांचं.

मी एकदा वहिनींना बघायला गेले. मोठी खोली, ओळीनं पलंग, प्रत्येकाशेजारी कपाटाएवढं मशीन. भिंतीवर एक टीव्ही. याकोबभाऊंनी कुणाकुणाच्या हातापाया पडून त्या टीव्हीला आपलं एक जुनं खोकं जोडलं होतं. मानेतली नळी आता निघाली होती, वहिनींचा डावा हात नळ्यांना लावलेला, तो चार तास हलवायचा नाही. गेमच्या रिमोटला तर दोन हात लागतात. म्हणून रिमोट दोघांच्या मध्ये चादरीवर ठेवलेला. डावी बाजू याकोबभाऊंच्या अंगठ्याखाली, उजवी वहिनींच्या. चालवायचं यांनी, उडी मारायची त्यांनी. टीव्हीवरचं टोपीवालं माकड खड्ड्यापाशी जायचं, थांबायचं आणि हमखास खड्ड्यात पडायचं. वहिनी म्हणायच्या, तुम्ही लवकर नेता. ते म्हणायचे, तू उशिरा मारतेस. शेजारच्या पलंगावरचे पेशंट माकडाची बाजू घ्यायचे.

मी निघाले तेव्हा वहिनी म्हणाल्या की थोडा वेळच जमतं हे, मग हात गळून जातो. त्यांचा चेहरा पिवळट पडला होता आणि कापलेल्या केसांत त्या शाळकरी दिसत होत्या.

याच काळात खोक्यांचे भाव वाढले. नवीन खोक्याचे नव्हे, बाजारात येऊन वर्षं झालेल्या जुन्या खोक्यांचे. आधी असं नव्हतं. खोकं जुनं झालं की बनवायला स्वस्त पडायचं आणि तिघींच्या चढाओढीत भाव खाली यायचा. याकोबभाऊंचा सगळा हिशोब त्यावर उभा होता, थोडं थांबलं की आपल्यालाही परवडतं. आता थांबलं तर महाग. त्यांनी ही बातमी मला फोनवर दाखवली तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखा त्यांचा आवाज होता. म्हणाले की आता त्यांना सोसायची गरजच उरली नाही, गिऱ्हाईक घरात येऊन बसलंय आणि दाराला बाहेरून कडी आहे. नंतर ते बराच वेळ त्या कडीबद्दलच बोलत होते आणि मला वाटत राहिलं की आता ते खोक्याबद्दल बोलत नाहीयेत.

नाताळात वहिनींनी घरी बसून करंज्या केल्या. दोन करंज्यांमध्ये दम खायच्या, पण केल्या. नवीन वर्ष लागलं आणि हातात नळ्या लावायच्या जागी जंतुसंसर्ग झाला. ताप चढला तो उतरलाच नाही. दवाखान्यात हलवलं, तिथं त्या तीन-चार दिवस होत्या. याकोबभाऊ बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आम्ही डबा नेला की उघडायचे आणि पुन्हा झाकण लावायचे.

वहिनी गेल्या त्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी होते. मिशन कंपाउंडकडचा एक सुतार पेटी घेऊन आला. चांगली सागवानी पेटी, वर कोरलेला क्रूस. पास्टर साहेबांनी भाव विचारला आणि सुतारानं जे सांगितलं ते नुसत्या लाकडालाही पुरलं नसतं. याकोबभाऊ कोपऱ्यात बसले होते. तिथूनच, मान वर न करता, सवयीनं त्यांनी विचारलं, "यात सोसतंय कोण?"

मला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला आत घेईल तर बरं. पास्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सुतार मात्र अजिबात दचकला नाही. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"मी सोसतोय," तो म्हणाला. "माझी लेक बोलत नव्हती. पाच वर्षांची झाली तरी न्हाई. बाईंनी तिला दोन वर्सं मांडीवर घेऊन बोलायला शिकवलं. आता ती लई बोलती."

"मग वसूल कधी करनार?"

"आमचंच फिटत न्हाई अजून, भाऊ."

याकोबभाऊंनी त्याच्याकडं बघितलं. त्यांच्या नियमात हे कुठं बसत नव्हतं. ते उठले, पेटीपाशी गेले, कडेवरून हात फिरवत तिच्याभोवती फिरून आले, आणि मग पहिल्यांदा रडले. तोंड उघडं ठेवून, आवाज न करता.

महिनाभरानं त्यांनी गाळा पुन्हा उघडला. तीन टीव्ही लावून बसायचे, कोणी आलं तर खेळू द्यायचे. पण वहिनींच्या डायलिसिसच्या दोन वारी शटर बंद असायचं, पूर्वीसारखंच. मी समजून होते की कबरस्तानात जात असतील. त्याबद्दल विचारायचं काय.

मग माझी नणंद बाळंत झाली, त्याच ट्रस्टच्या दवाखान्यात. दुपारी डबा घेऊन गेले तर खाली याकोबभाऊंची स्कूटर. मला वाटलं, साखरेचं काहीतरी झालं. वर गेले, चौकशी केली, तर नर्सनं डायलिसिसच्या खोलीकडं बोट दाखवलं.

वहिनींच्या पलंगावर आता एक म्हातारा होता. भांगरेबाबा नावाचा. अकोले तालुक्यात डोंगरात आयुष्यभर जीप चालवलेली. तिकडं गावात ही सोय नाही म्हणून नगरला पुतण्याकडं येऊन राहिला होता. पुतण्या कामावर जाताना त्याला गेटवर सोडायचा आणि संध्याकाळी न्यायचा. याकोबभाऊ त्याच्या शेजारी स्टुलावर बसलेले. टीव्हीवर कुठलीशी मालिका, आवाज बंद. त्यांचं खोकं कुठं दिसलं नाही. म्हाताऱ्याला जीपच्या गिअरशिवाय काही हातात धरायची आवड नसावी.

याकोबभाऊ हलक्या आवाजात बोलत होते. कोणत्या कंपनीनं आता काय केलं, भाव का चढवला, दुसरी गप्प का बसली, असं सगळं. कुणाला समजावून देताना बोलतात तसं नव्हे, एकसारखं, चढउतार नसलेलं. म्हाताऱ्याचं तोंड उघडं होतं आणि तो घोरत होता.

मी जवळ गेले. त्यांनी मला बघितलं, मान हलवली आणि बोलत राहिले. मी म्हटलं, "याकोबभाऊ, बाबा झोपलेत."

"म्हाईतंय," ते म्हणाले. "तीबी झोपायची. मी गप बसलो की जागी व्हायची."

आणि त्यांनी तुटलेलं वाक्य जिथं होतं तिथून पुढं सुरू केलं.